आधी वारं अडवा, मग स्वेटरचं बघू
वाचक विचारतात : थंडी आणि टू-व्हीलर

दिवाळी होऊन जाते, ऊसतोडी सुरू होतात, पहाटेचा पारा १०-१२ वर यायला लागतो आणि मग आमच्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा रंगच बदलतो. मायलेज, सर्व्हिसिंग, कुठली गाडी घेऊ वगैरे सगळं मागं पडतं आणि "गाडीवर थंडी लई वाजते, काय घालू?" हे एकच वेगवेगळ्या तोंडानं विचारलं जातं. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यामुळं नुसती गावं ठेवलीत.

प्रश्न : मी रोज पहाटे सांगलीला दूध घालायला जातो. बनियन, शर्ट, दोन स्वेटर आणि वरनं मफलर एवढं घालूनबी छातीत गार वारं घुसतंय. निम्म्या वाटेत दात वाजायला लागत्यात. तिसरा स्वेटर घेऊ का एखादं भारीतलं जर्किन घेऊ? — पलूस

उत्तर : काका, तिसरा स्वेटर घेऊ नका, आणि जर्किनचे पैसे पण सध्या खिशातच राहू द्यात. तुमच्याकडं पावसाळ्यात घालायचा रेनकोट असणारच, दूधवाल्याकडं नसेल असं होत नाही. तो माळ्यावरनं काढा आणि आहे त्या दोन स्वेटरांपैकी एक काढून ठेवून वरनं रेनकोट घाला. एवढं करून चार दिवस जाऊन बघा.

आता हे असं का ते सांगतो. स्वेटरची लोकर स्वतः काही गरम नसते. तिच्या विणीत हवा अडकून बसते, ती हवा आपल्या अंगानं तापते आणि ती हलत नाही तोवर आपल्याला ऊब राहते. घरात किंवा कट्ट्यावर बसलेल्या माणसाला म्हणून एक स्वेटर पुरतो. पण गाडी ६० नं चालली की समोरचं वारं त्या विणीतनं आरपार जातं आणि तापलेली हवा धुऊन नेतं, परत अंग नवी हवा तापवतं, परत ती जाते. अशा वेळी स्वेटर दोन घाला नाहीतर चार, भोकं ती भोकंच. तुम्ही गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री नाहीतर पोती बांधता ना, ती काही गरम नसतात, फक्त वारं अडवतात आणि तेवढ्यावर जनावरं निवांत बसतात, इथंही तेच आहे.

हवामानवाल्यांचा याला एक हिशोब आहे, विंड चिल म्हणतात, हल्ली जे सूत्र वापरतात ते २००१ सालापासूनचं. त्या हिशोबानं बाहेर १० अंश असताना तुम्ही ६० च्या स्पीडनं गेलात तर उघड्या कातडीला ते ५ अंशासारखं लागतं. आणि यातली गंमत अशी की गाडी ४० वर आणली तरी ६ अंशासारखंच लागतं, म्हणजे फरक पडला एका अंशाचा आणि थंडीत राहायचा वेळ मात्र दीडपट झाला. नुसत्या २० च्या स्पीडलाच निम्मं नुकसान होऊन जातं. त्यामुळं "हळू चालवा म्हणजे थंडी वाजत नाही" हा जो सल्ला सगळे देतात तो थंडीपुरता तरी फारसा कामाचा नाही. हळू चालवायला दुसरी चांगली कारणं आहेत, ती पुढं येतील.

रेनकोट घालताना थोडं बघून घाला. चेनवरची जी पट्टी असते ती पूर्ण दाबून बसवा, कारण वारं पहिलं तिथनंच आत येतं. मनगटाचं इलॅस्टिक सैल झालं असेल तर शिंप्याकडनं नवीन घालून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. मफलर रेनकोटच्या वरनं नाही, आतनं, गळ्याला गुंडाळून दोन्ही टोकं छातीवर आडवी टाका आणि मग चेन ओढा, म्हणजे गळ्यातनं वारं पण जाणार नाही आणि मफलरचं टोक उडून चाकात, चेनमध्ये जायची भीती पण राहणार नाही. आणि रेनकोट अंगाला तटतटून बसत असेल तर आतली लोकर दबून जाते आणि तिच्यातली हवाच संपते, तेव्हा एक साईज मोठा असलेलाच बरा.

रेनकोटचा एक दोष आहे तो पण सांगायला पाहिजे, त्यातनं घाम बाहेर पडत नाही. तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण तुम्ही आधी कॅन उचलता, बांधता, त्यात अंग घामाघूम होतं आणि तसंच गाडीवर बसता. सुती बनियन घाम पिऊन ओलं राहतं, आणि पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं, म्हणजे छातीत जे गार वाटतंय त्यात थोडा वाटा त्या ओल्या बनियनचा पण आहे. कॅन बांधेपर्यंत नुसत्या शर्टावर काम करा, निघताना अंग पुसून मग स्वेटर-रेनकोट चढवा. बनियनच्या जागी क्रिकेट खेळायला पोरं घालतात तसला पॉलिस्टरचा टी-शर्ट घातला तर अजून चांगलं, तो घाम धरून ठेवत नाही आणि पटकन वाळतो. सांगलीत पोचल्यावर दूध घालत फिरताना रेनकोटची चेन उघडी ठेवा, आतली वाफ निघून जाऊ दे.

आणि एखाद्या दिवशी रेनकोट घरी राहिला तर पेपरची दोन-तीन पानं घडी करून स्वेटरच्या आत छातीवर धरा. हसू नका, फ्रान्समधल्या त्या मोठ्या सायकल शर्यतीत डोंगर उतरायच्या आधी सायकलवाले हेच करायचे.

प्रश्न : दवाखान्यातली नाईट ड्युटी संपवून सकाळी स्कूटीवरनं घरी येते. लोकरीचे हातमोजे घालते तरी बोटं बधिर होतात, कधीकधी दोन बोटं अगदी पांढरीफटक पडतात आणि घरी आल्यावर लाल होऊन झिणझिण्या येतात. हे थंडीचंच आहे ना? — मिरज

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आधी सोपा घेऊ.

बोटं बधिर होण्याचं पहिलं कारण हातमोज्यात नाहीच, ते छातीत आहे. अंगाचा मधला भाग गार पडायला लागला की शरीर हातापायाकडचं रक्त आवरतं घेतं, आतले अवयव आधी सांभाळायचे म्हणून. त्यामुळं कितीही भारी हातमोजे घातले आणि वरनं नुसता ॲप्रन आणि कार्डिगन असेल तर बोटं गारच राहणार. वर पलूसच्या काकांना सांगितलं ते आधी करा, निम्मा फरक तिथंच पडेल.

मग हात. लोकरीच्या मोज्याचं दुखणं स्वेटरसारखंच, वारं आरपार. त्याच्या आत तुमच्याकडं असतात तसले पातळ सर्जिकल ग्लोव्ह घातले की वारं थांबतं, अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्याला हे चालतं, जास्त वेळ ठेवले तर आत घाम येऊन उलटं होतं. पण लोकरीवर एक माझी नाराजी अशी आहे की ती अ‍ॅक्सिलेटरवर सटकते आणि पडलात तर तळवा सोलून निघतो, म्हणून बाईकचे म्हणून मिळतात ते तळव्याला रेक्झिन किंवा लेदर असलेले हातमोजे घेतलेले चांगले. घेताना ते घालून मूठ वळून बघा. बोटाच्या टोकाला थोडी जागा राहिली पाहिजे, घट्ट बसले तर रक्तच पोचत नाही आणि मग महागातले हातमोजे घालून पण बोटं गार असं होतं. मनगट झाकणारे घ्या, बाही आणि मोजा यांच्यातली ती दोन बोटं जागा उघडी राहते ना, तिथं रक्तवाहिन्या अगदी कातडीलगत असतात.

स्कूटीला हँडलवर चढवायचे कव्हर मिळतात, आत हात घालून चालवायचं. दिसायला गबाळं दिसतं पण वारं अडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त आत हात घातल्यावर ब्रेक पूर्ण दाबतो का, हॉर्न-इंडिकेटर न बघता सापडतात का आणि हात झटकन बाहेर निघतो का, हे गाडी उभी करून बघून घ्या. बधिर हातांची खरी भीती ब्रेकची आहे. ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढं जाते, बोटं वळायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला तरी आठ मीटर गेले, आणि मिरज-सांगली रस्त्यावर सकाळी कोण कुठनं आडवं येईल सांगता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. बोटं पांढरीफटक पडणं, मग निळसर, मग लाल होऊन झिणझिण्या, याला रेनॉड म्हणतात, तुम्ही दवाखान्यातच काम करता तर नाव कानावर गेलं असेल. थंडी लागली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि बहुतेकांना त्यानं मोठं काही होत नाही, पण काही वेळा मागं दुसरा आजार असतो, म्हणून एकदा फिजिशियनला दाखवा. बोटाला जखम होऊन भरत नसेल किंवा एकाच हाताला होत असेल तर वाट बघू नका. तोवर घट्ट सर्जिकल ग्लोव्हचा प्रयोग तुमच्यासाठी नको, वर सांगितला असला तरी. सैल, वारं अडवणारे मोजे आणि हँडल कव्हर घ्या. घरात कोणी ओढत असेल तर त्याच्या पण कानावर घाला, तंबाखू-सिगारेटमधलं निकोटिन नेमक्या याच रक्तवाहिन्या आवळतं.

बधिर बोटं सायलेन्सरला लावून शेकायची पद्धत आहे आपल्याकडं, सिग्नलला बघितलं असेल. ती करू नका. बधिर बोटाला चटका कळतच नाही, फोड आल्यावर कळतं. काखेत हात धरा.

प्रश्न : एक साधा प्रश्न, रागावू नका. शेतावरनं रात्री येताना थोडी घेतली तर अंगात ऊब राहते का न्हाय? मित्र म्हणत्यात राहते. — वाळवा तालुका

उत्तर : राहत नाही. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आतलं गरम रक्त कातडीकडं येतं म्हणून पाच-दहा मिनिटं उबदार वाटतं, आणि तीच उष्णता वाऱ्यावर उडून जाते. म्हणजे वाटतं गरम आणि अंग होतं गार. गाडी चालवताना घेतली तर बाकी काय होतं ते मित्रांना पण माहितीय. शेतावर चहा करून प्या आणि मग निघा.

प्रश्न : आमचा कॉलेजचा ग्रुप पहाटे साडेचारला पोवई नाक्यावरनं निघून कासला सूर्योदय बघायला जाणारे. माझ्याकडं हुडी आणि जीन्स आहे. मित्र म्हणतो रायडिंग जॅकेट घे, त्याच्याकडं जाळीचं आहे. बजेट तीन-चार हजार. घेऊ का? — सातारा

उत्तर : भावा, जॅकेट घ्यायला हरकत नाही पण कशासाठी घेतोयस ते स्पष्ट ठेव. रायडिंग जॅकेटमधले खांदा-कोपर-पाठीचे गार्ड पडल्यावर वाचवायला असतात. थंडीचं काम त्याचं नाही, आणि जाळीचं म्हणजे मेश जॅकेट तर उन्हाळ्यात वारं आत यावं म्हणूनच केलेलं असतं, डिसेंबरात कासच्या पठारावर ते घालून गेलास तर मित्राकडं बघून रडशील. त्याच्या आत लावायचं पाणी-वारं अडवणारं अस्तर मिळतं, रेन लायनर म्हणतात, ते लाव किंवा वरनं साधा रेनकोट चढव, मग ते बाराही महिने चालेल. तीन-चार हजारात जॅकेट, लायनर, हातमोजे सगळं बसत नसेल तर माझं मत असं की यंदा हातमोजे आणि पूर्ण तोंडाचं चांगलं हेल्मेट घे, वरनं रेनकोट घाल आणि जॅकेट पुढच्या वर्षी.

हुडी चालेल, रेनकोटच्या आत. पण हुडीची टोपी हेल्मेटच्या आत कोंबू नको आणि पाठीवर फडफडत पण ठेवू नको, आत दुमडून टाक.

जीन्सबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळी पोरं इथंच फसतात. जीन्स जाड दिसते पण ती सुती, वारं आत येतं आणि दव धरलं की दुपारपर्यंत वाळत नाही. बाईकवर मांड्या आणि गुडघे थेट वाऱ्यात असतात, स्कूटरला पुढं निदान पत्रा तरी असतो. आतनं थर्मलची पँट घाल, नसेल तर खेळायची ट्रॅक पँट, त्यावर जीन्स आणि सगळ्यात वर रेनकोटची पँट. ही पँट खाली सैल असते आणि सायलेन्सरला टेकली की वितळून चिकटते, म्हणून घोट्याजवळ वेलक्रो किंवा रबरबँड लावून आवळून घे. दोन्ही पायांना लाव, डाव्या बाजूला गिअर असतो, तिथं पण अडकते.

आता कासबद्दल. शहरापेक्षा कास साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात या हिशोबानं तीनेक अंश तिथं कमी धर आणि पठारावरचं वारं वेगळं. आणि रात्रीतली सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते, ती सूर्य उगवायच्या सुमाराला असते, म्हणजे तुम्ही बरोबर त्याच तासाला बरोबर त्याच जागी जाऊन उभे राहणार आहात. उंचीचा नियम दर वेळी चालतोच असं पण नाही. आभाळ स्वच्छ असलं, वारं पडलेलं असलं की गार हवा जड होऊन खोलगट जागेत साठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात त्या यामुळंच, आणि खाली कृष्णेच्या पुलावर आलं की एकदम गार झुळूक लागते ती पण यामुळंच. तेव्हा पूल, ओढा, खोरं आलं की आधीच समजून घ्यायचं.

यवतेश्वरचा घाट चढताना झाडाखालचा रस्ता दवानं ओला असतो आणि टायर अजून गार असतात, वळणावर गाडी झोपवायची हौस परत येताना ऊन पडल्यावर भागवा. त्या रस्त्याला अंधारात गवे आडवे येतात आणि गव्याचा रंग अंधारात मिसळून जातो, नुसते डोळे चमकतात. मला विचारशील तर साडेचारऐवजी साडेपाचला निघा. सूर्योदय चुकत नाही, हिवाळ्यात तो सातच्या आसपासच असतो.

ग्रुपमध्ये कोणी थरथर कापायला लागला, गिअर चुकायला लागला, विचारलेल्याचं उत्तर बरळल्यासारखं द्यायला लागला तर त्याला हसू नका. अंगाचं तापमान ३५ च्या खाली जायला लागलं की माणूस असाच वागतो. थांबा, ओलं असेल ते काढा, वारं लागणार नाही अशा जागी बसवा, गोड चहा पाजा आणि पुढं त्याला गाडी चालवायला देऊ नका.

प्रश्न : पौष पौर्णिमेला मांढरदेवीला जायचंय. मिस्टर, मी आणि अडीच वर्षांचा मुलगा. मुलगा पुढं टाकीवर बसायचा हट्ट करतो. मी साडी नेसणारे. रात्री निघून पहाटे पोचायचं ठरतंय. काय काय घालावं? — कोरेगाव

उत्तर : ताई, आधी बाळाचं. टाकीवर बसलेलं मूल म्हणजे सगळ्यांच्या पुढं बसून सगळ्यांचं वारं एकट्यानं खाणारं मूल. लहान मुलाचं अंग वजनाच्या मानानं जास्त उघडं असतं म्हणून ते मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं, शिवाय गाडीवर ते काही हलत नाही, पेंगतं आणि थंडी वाजतेय हे सांगत पण नाही. शांत झोपलंय म्हणून आई-बाप निवांत आणि इकडं पायाची बोटं बर्फ. तेव्हा हट्ट असला तरी पुढं नाही. कायदा पण आता असा आहे की नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा पाहिजे आणि स्पीड ४० च्या वर नको, २०२२ साली हा नियम काढला आणि २०२३ पासून तो लागू आहे.

पण खरं सांगू का, पौषातली रात्र, मांढरदेवचा घाट, यात्रेची गर्दी आणि तिघं एका गाडीवर, यात काय घालावं यावर मी काही सांगायच्या आधी एसटीनं जा एवढंच सांगेन. यात्रेला जादा गाड्या सोडतात, वाईपर्यंत तर अडचणच नाही. दर्शन पहाटेच घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारी निघा. काळूबाई रागावणार नाही.

एरवी तुम्ही दोघं जवळच्या गावाला वगैरे जाताना साडीवर काय करायचं ते आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी सांगितलंय, त्यांचंच पुढं देतो : साडीच्या आत परकराऐवजी किंवा परकराखाली लोकरीची लेगिंग, पायात मोजे आणि पुढनं बंद असलेले बूट. शाल पांघरू नये, ती उडते, स्वेटरवर मिस्टरांचं जुनं विंडचीटर घालावं आणि पदर त्याच्या आत खोचावा. एका बाजूला पाय सोडून बसल्यावर त्या बाजूच्या पायाला सगळं वारं लागतं, म्हणून ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसता आलं तर ते उबेला आणि तोलाला दोन्हीला बरं. आणि गाडीचा साडी गार्ड दिसायला वाईट दिसतो म्हणून पोरं काढून टाकतात तो काढलेला असेल तर परत बसवून घ्या. पदर नाहीतर ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात आपल्याकडं घरटी ऐकायला मिळतात.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला सुटतो. चष्मा आहे. हेल्मेटची काच आणि चष्मा दोन्ही धुकटतंय, काच वर केली की डोळ्यांतनं पाणी. त्यात ऊसाच्या ट्रॉल्या. आणि आई म्हणते माकडटोपी घाल, डोक्यातनं निम्मी थंडी जाते. — सांगली

उत्तर : आईंचं अर्धं बरोबर आहे. डोक्यातनं निम्मी उष्णता जाते हा जुना समज आहे, डोकं अंगाच्या मानानं जेवढं आहे तेवढाच, म्हणजे दहाएक टक्के, त्याचा वाटा असतो. आणि हेल्मेट असताना डोकं झाकलेलंच असतं, उघडं राहतं ते मान आणि गळा. जाड लोकरीची माकडटोपी हेल्मेटच्या आत घालू नका, लोकर दबते, हेल्मेट डोक्यावर हलायला लागतं आणि पडल्यावर ते निघून गेलं तर घालून उपयोग काय. पातळ कापडाची, गळ्यापर्यंत येणारी बालाक्लाव्हा मिळते ती घाला. आईंना दाखवा, तीच माकडटोपी आहे म्हणावं, नवीन फॅशनची.

धुकट येतं ते तुमच्या श्वासातल्या वाफेचं, ती गार काचेवर जाऊन बसते. नाकातोंडावर रुमाल बांधला तर श्वास वर जाऊन थेट चष्म्यावर येतो, म्हणून रुमाल बांधत असाल तर नाक मोकळं ठेवा. हेल्मेटला हनुवटीजवळ आणि वर हवा यायच्या खिडक्या असतात त्या थंडीत सगळे बंद करतात, त्या उघडा, काच एक खटका वर ठेवा. काचेच्या आतल्या बाजूला आणि चष्म्याला भांड्याच्या लिक्विड सोपचा एक थेंब चोळून मऊ सुती कापडानं पूर्ण साफ दिसेपर्यंत पुसा, दोन-तीन दिवस धुकट कमी येतं. काचेच्या आतनं बसवायची दुसरी काच मिळते, पिनलॉक म्हणतात, दोन काचांमध्ये हवा अडकते आणि आतली काच गार पडत नाही, तो उपाय पक्का, पण तुमच्या हेल्मेटला बसतोय का ते बघून घ्या. काच ओरखडलेली असेल तर आधी तीच बदला, समोरच्या लाईटनं त्या प्रत्येक ओरखड्याला तारा फुटतो. काळी काच रात्री अजिबात नको.

ट्रॉल्यांचं म्हणाल तर हळू चालवायचं जे कारण पुढं येईल म्हटलं होतं ते हेच. नदीकाठच्या पट्ट्यात धुकं, ट्रॉलीला मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला आणि ऊस मागं दोन-तीन फूट बाहेर आलेला. धुक्यात अप्पर लावला तर उजेड धुक्यावरनं परत डोळ्यांवर येतो, डिप्परवरच चालवा. जेवढं दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबली पाहिजे एवढं स्पीड ठेवायचं. आणि मागच्याला तुम्ही दिसावं म्हणून रेनकोटच्या पाठीवर रिफ्लेक्टर पट्टी चिकटवून घ्या, कंपनीतलं सेफ्टी जॅकेट घरी न्यायला देत असतील तर तेच वरनं घाला.

प्रश्न : वय ६८, मधुमेह आहे. पेन्शनीच्या कामासाठी विट्याला मोपेडवरून जातो. पाय फार गार पडतात. दोन जोड मोजे घालून घरी आल्यावर गरम पाण्यात पाय बुडवले तर चालेल का? — खानापूर तालुका

उत्तर : सर, गरम पाणी नको. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही आणि भाजतं. शेकोटी, हीटर, गरम पाण्याची पिशवी, सगळ्याला हेच लागू. कोरडे मोजे घालून पांघरुणात बसा, ऊब आपोआप येते. दोन जोड मोजे घातल्यावर बूट घट्ट होत असेल तर रक्त अडून पाय आणखी गार पडतात, त्यापेक्षा एकच जाड लोकरी मोजा आणि एक नंबर मोठा बूट बरा. तरुण पोरं मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालतात वारं अडवायला, ते तुम्ही करू नका, घामानं कातडी मऊ पडून जखम व्हायची भीती. घरी आल्यावर पाय सगळीकडनं बघून घ्या, बोटांच्या बेचक्यात पण. आणि पेन्शनीचं काम सकाळी आठलाच नसतं, ऑफिस उघडून साहेब खुर्चीवर बसेपर्यंत अकरा वाजतात, तेव्हा ऊन चढल्यावरच निघा.

प्रश्न : मी घोंगडं पांघरून गाडी चालवतो. पोरं हसत्यात. त्यांच्या जाकिटापेक्षा माझं घोंगडं उबदार आहे असं माझं म्हणणं. — जत

उत्तर : बाबा, उबेचं तुमचं म्हणणं खरंय. आपल्याकडच्या मेंढीची लोकर, घट्ट विणलेली, दवानं ओली झाली तरी ऊब देते, आणि साध्या स्वेटरपेक्षा घोंगड्यातनं वारं कमी शिरतं. पोरांच्या जाकिटांना ओलं झाल्यावर विचारा. माझं भांडण ते पांघरण्याशी आहे. गाडीवर घोंगडं फुगतं, एका हातानं धरावं लागतं, सुटलं तर मागच्या चाकात जातं, आणि आरशात मागचं काही दिसत नाही. एखादं जुनं, कडा विरलेलं घोंगडं असेल तर शिंप्याकडनं त्याची बंडी शिवून घ्या, बिनबाह्यांची, कंबरेखाली वीतभर येईल एवढी. पुढं चेन लावू नका. एक पल्ला दुसऱ्यावर चांगला आडवा येऊ द्या आणि बाजूला बंद, म्हणजे छातीवर दोन पदर होतात आणि वाऱ्याला फट राहत नाही. लोकर टोचते म्हणून आतनं पूर्ण बाह्यांचा शर्ट. शिंपी कुरकुर करेल, साध्या मशीनची सुई मोडते म्हणेल, त्याला हातानं घालायला सांगा टाके.